पंप काढला, मग तेल कोण घालणार?

ज्या पुणेकरांनी जुनी चेतक स्कूटर चालवली आहे, त्यांना रोटरी इंजिनाचं दुखणं समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. पेट्रोल भरताना लिटरमागे २० मिलीच्या हिशेबाने टू-टी ऑइल घालायचं आणि स्कूटर जरा हलवायची. विसरलात की इंजिन सीझ. पुढे कायनेटिक होंडा आली. तिला ऑइलची टाकी वेगळी होती आणि पंप आपोआप मोजून तेल सोडायचा. रोटरी इंजिनाच्या माझदा आरएक्स-७ सारख्या गाड्यांचे काही हौशी मालक मात्र नेमका उलटा प्रवास करतात. कंपनीने दिलेला तेलाचा पंप काढून टाकतात आणि चेतकच्या जमान्यात परत जातात.

हे खूळ नाही, आणि पूर्ण शहाणपणही नाही.

रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या, कमरेत किंचित आत गेलेल्या पोकळीत तीन कोपऱ्यांचा फुगीर रोटर फिरतो. त्याच्या प्रत्येक कोपऱ्यावर एक पातळ पट्टी असते, तिला एपेक्स सील म्हणतात. ही पट्टी सतत भिंतीला घासत जाते. साध्या इंजिनात पिस्टनखालून उडणारं तेल सिलिंडरच्या भिंतीला आपसूक लागतं. इथे ती सोय नाही, कारण रोटरच्या तिन्ही अंगांना कायम पेट्रोलची वाफ नाहीतर जळलेला वायूच असतो. तेल मागच्या बाजूने येऊच शकत नाही, ते मुद्दाम पाठवावं लागतं.

सील आणि भिंतीचं हे भांडण जुनं आहे. माझदाच्या सुरुवातीच्या इंजिनांत सील थरथरून भिंतीवर नागमोडी चरे पडत. तिथल्या इंजिनिअरांनी त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असं नाव दिलं होतं. सीलचं साहित्य बदलून त्यांनी ते आवरलं आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट बाजारात आणली. तेलाची गरज मात्र उरलीच.

पंप हे तेल घेतो कुठून? इंजिनाच्या खालच्या ऑइल पॅनमधून. खरी गोम इथेच आहे. त्या तेलात इंजिन स्वच्छ राहावं, झिजू नये म्हणून कॅल्शियम, जस्त यांची संयुगं घातलेली असतात. ते जळण्यासाठी बनवलेलंच नाही. जळलं की धातूंची राख मागे उरते आणि सीलच्या खाचांत कार्बन साठतो. टू-टी ऑइल मुळातच जळून जाण्यासाठी असतं, त्याची राख फारच कमी. म्हणून पंप काढायचा, त्याच्या जागी धातूची पट्टी बसवायची, तेलाच्या नळ्यांची भोकं हवाबंद करायची आणि टाकीतच टू-टी घालायचं. नंतरच्या गाड्यांत पंप विजेवर चालतो. पंप गायब झालेला गाडीतल्या संगणकाच्या लगेच लक्षात येतो आणि संगणक गाडीचा जोर कमी करतो, म्हणून तिथेही फेरफार करावे लागतात.

प्रमाण साधारण लिटरला ५ ते १० मिली, म्हणजे चेतकच्या निम्मं किंवा त्याहून कमी. चेतकमध्ये बेअरिंगपासून पिस्टनपर्यंत सगळ्यांची भिस्त त्याच तेलावर असते, इथे मुख्यतः सीलची.

आता तोटा बघा. खंबाटकी घाट उतरताना तुम्ही अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजेक्शनची गाडी पेट्रोल बंद करते. पेट्रोल बंद म्हणजे त्यातलं तेलही बंद, आणि रोटर तर फिरतोच आहे. मूळ पंप इंजिनाच्या वेगाकडे बघून तेव्हाही थोडं तेल सोडत राहिला असता. शिवाय तेल घालायला विसरण्याची भीती आहेच, आणि विसरलात की सील खराब. चेतकची केबल नाना पेठेत मिळेल, पण रोटरीच्या सीलसाठी परदेशी पार्सलची वाट बघावी लागेल.

शर्यतीची गाडी असेल तर पंप काढा खुशाल, तिथे इंजिन वरचेवर उघडलंच जातं. रोजच्या गाडीसाठी मला तिसरा मार्ग बरा वाटतो. पंप तसाच ठेवायचा, पण त्याला ऑइल पॅनऐवजी टू-टीच्या वेगळ्या छोट्या टाकीला जोडायचं. म्हणजे चक्क कायनेटिक होंडा! फक्त ती टाकी बघायला कुणीतरी अधूनमधून बॉनेट उघडलं पाहिजे. ती रिकामी झाली तरी पंप थांबत नाही, इमानेइतबारे हवाच मोजून पाठवत राहतो.