श्रावणाचा हिशेब

मे महिन्यातली दुपार. दिंडोरीकडच्या आमच्या मळ्यात शेडच्या पत्र्यावर शंभर-शंभर वॅटच्या दोन सोलर प्लेटा कडकडीत तापल्या होत्या आणि खोलीतली बॅटरी काही केल्या भरत नव्हती. मल्टिमीटर लावला. प्लेटांपाशी १६.२ व्होल्ट. पंधरा मीटर लांबच्या खोलीत, प्लेटांची वीज बॅटरीत सोडणाऱ्या कंट्रोलरपाशी, १२.९. तीनपेक्षा जास्त व्होल्ट वाटेतच गेले होते. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरायला १४.४ च्या आसपास लागतात, मग ती भरणार कशी?

प्लेटा चांगल्या होत्या, बॅटरीही चांगली होती. चूक माझी होती. घराच्या कामातून उरलेली दीड एमएमची वायर मी ओढली होती. अशा तांब्याच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम असतो. जाऊन-येऊन ३० मीटर धरा, ०.३६ ओहम झाला. आकडा किरकोळ वाटतो, पण त्यातून ९ अँपिअर वाहू लागले की सव्वातीन व्होल्ट तिथेच पडतात. प्लेटांनी तयार केलेल्या दीडशे वॅटपैकी तीस वॅट नुसती वायर तापवत होते. घरच्या २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये तीन व्होल्ट कमी-जास्त झाले तर कळतसुद्धा नाही. बारा व्होल्टमध्ये तेच तीन व्होल्ट म्हणजे पाव हिस्सा.

उपाय दोन. एक, जाड वायर: सहा एमएमची घातली तर तूट एका व्होल्टच्या आत येते. दुसरा मला जास्त पटला. पॅरललमध्ये (शेजारी-शेजारी) जोडलेल्या प्लेटा सिरीजमध्ये (एकामागे एक) घ्यायच्या. व्होल्ट दुप्पट, अँपिअर निम्मे, आणि वायरमधला तोटा अँपिअरच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो थेट एक चतुर्थांश. त्यासाठी कंट्रोलर मात्र एमपीपीटी लागतो. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर प्लेट जवळजवळ थेट बॅटरीलाच जोडतो. १८ व्होल्टवर उत्तम चालणारी प्लेट मग १३ व्होल्टवर खेचली जाते आणि वरचे व्होल्ट फुकट जातात. एमपीपीटी जास्तीच्या व्होल्टचे अँपिअर करून देतो. घेताना तो जास्तीत जास्त किती व्होल्ट सोसतो ते नक्की वाचा, कारण थंडीत प्लेटेचे व्होल्ट वाढतात आणि निफाडला पारा पाच-सहा अंशांवर आलेल्या सकाळी ते सगळ्यात जास्त असतात. उन्हाळ्यात उलटं होतं. प्लेटेवर छापलेले वॅट २५ अंश तापमानाचे असतात. मेमध्ये ती साठीच्या पुढे तापते आणि दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के घटते. शंभरची प्लेट भर दुपारी पंच्याऐंशीच देते, ती यामुळे.

आता मूळ हिशेब. आमच्या खोलीपर्यंत विजेचा मीटर आलेला नाही. शेतीच्या फीडरला वीज काही तासच, कधी दिवसा, कधी रात्री. शेजारी ऊस आहे आणि उसात बिबट्या असतो. रात्रभर दारात दिवा हवाच. बहुतेक जण आधी प्लेट किती वॅटची घ्यायची ते विचारतात. मी म्हणतो, वही घ्या आणि रात्र मोजा. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास, झाले १३५ वॅट-तास. दारातला पाच वॅटचा दिवा आणखी सात तास, ३५. साधा पंखा ७५ वॅटचा, दहा तासांत ७५० खातो. तेच कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा ३० वॅटचा, म्हणून ३००. मोबाइलला ३०. राउटर आणि कॅमेरा मिळून १० वॅट, दिसायला काहीच नाही, पण चोवीस तासांचे २४० होतात. एकूण ७४०, म्हणजे पाऊण युनिट. शहरातल्या घरात एक वेळचं गरम पाणी याच्यापेक्षा जास्त खातं.

यात बॅटरीच्या बारा व्होल्टचे घरच्यासारखे २३० करणारा इन्व्हर्टर धरलेला नाही, आणि तो मुद्दाम वगळला आहे. नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर १५ वॅट घेत असला, तर दिवसाला ३६० वॅट-तास गिळतो, पंख्यापेक्षा जास्त. म्हणून आम्ही दिवे, पंखा, राउटर सगळं बारा व्होल्टवरच घेतलं. इन्व्हर्टर मिक्सर लावण्यापुरता चालू करायचा आणि लगेच बंद.

आता ऊन. ते ‘पूर्ण उन्हाच्या तासांत’ मोजतात: चौरस मीटरला १००० वॅट इतकं ऊन एक तास पडलं की एक. नाशिकला चैत्र-वैशाखात दिवसाला सहा किंवा थोडे जास्त तास मिळतात. आषाढ-श्रावणात साडेतीन-चार, आणि झड लागली की एखाद-दीड. इगतपुरी-त्र्यंबककडे याहून कमी, सिन्नर-येवल्याकडे बरं. युरोपात केबिनमध्ये किंवा व्हॅनमध्ये सोलरवर राहणाऱ्यांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. त्यांची अडचण हिवाळ्याची असते, म्हणून ते प्लेट उभट ठेवायला सांगतात. आपला हिवाळा स्वच्छ असतो, आपली अडचण श्रावणाची. नाशिक २० अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडून जातो. त्यात ढगांतून उजेड सगळ्या आभाळातून येतो. म्हणून दक्षिणेकडे १०-१५ अंशांचा कल पुरतो. त्याहून सपाट नको, पावसाने धूळ धुऊन जायला पाहिजे. व्हॅनच्या टपावर प्लेट सपाटच बसते. तिथे गाडी चालताना इंजिनावर वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरकडून थोडी बॅटरी भरून घेता येते. ती सोय खोलीला नाही.

७४० वॅट-तास हवे आहेत आणि वायर, कंट्रोलर, बॅटरी, उष्णता यांत तीस टक्के जाणार. म्हणजे हजाराच्या वर बनवायचे. त्याला श्रावणातल्या साडेतीन तासांनी भागलं की तीनशे वॅट येतात. म्हणून पुढे आम्ही ३३० वॅटची प्लेट घेतली. बॅटरी दोन दिवस ऊन नाही असं धरून: १४८० वॅट-तास. ट्युब्युलर, म्हणजे शिसे-ॲसिडची, बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे ती दुप्पट लागते. लिथियम फेरो फॉस्फेट ८५ टक्क्यांपर्यंत वापरता येते, म्हणून १२.८ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची पुरली. ट्युब्युलर घेतलीत तर हवेशीर जागी ठेवा, भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. आणि घरातली साधी बटणं एसीची, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या विजेची असतात; ती बॅटरी-प्लेटेच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीला लावू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे बटण उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते आणि बटण वितळवते. प्लेटेकडच्या तीस-चाळीस व्होल्टला तर डीसीचाच एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, घ्या.

सूर्यावर चालणारी वीज पहिल्यापासून तारेविना राहण्यासाठीच वापरली गेली आहे, हे मला फार आवडतं. १९५४ मध्ये बेल लॅबमध्ये सिलिकॉनचा सेल तयार झाला आणि १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ उपग्रह तो घेऊन वर गेला. बॅटरीवरचा त्याचा ट्रान्समीटर काही महिन्यांत बंद पडला, सोलरवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला.

सावलीचं मात्र आम्हाला डिसेंबरातच कळलं. प्लेट उन्हाळ्यात बसवली, तेव्हा बांधावरच्या सिल्व्हर ओकची सावली झाडाच्या पायाशीच होती. डिसेंबरात नाशिकला दुपारचा सूर्य फक्त ४६-४७ अंश वर येतो आणि झाडाची सावली जवळजवळ झाडाएवढीच लांब पडते. प्लेटेतले सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून एका सेलवर पान पडलं तरी त्या ओळीचा प्रवाह अडतो. बायपास डायोड ती ओळ वगळतात, पण प्लेटेत असे तीनच भाग असतात. एक वगळला की तिसरा हिस्सा गेला. आम्ही प्लेट चार मीटर उत्तरेला सरकवली. बागेत गंधकाची धुरळणी झाली की दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत काच साध्या पाण्याने, मऊ फडक्याने पुसतो. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतत नाही.