सहकार्य तंत्रज्ञान : ग्रामीण विदर्भातील कामकाज

एकाच कामावर वेगवेगळ्या ठिकाणांहून अनेकांना मिळून काम करता यावे, यासाठीची संगणकीय व दूरसंचार साधने. संदेशगट, दृक्‌श्राव्य बैठका (कार्यालयीन बोलीत ‘व्हीसी’), सामायिक तक्ते आणि एकच नोंद अनेकांनी हाताळण्याची अॅप्स यांत मोडतात. अमरावती व नागपूर या दोन महसुली विभागांतील अकरा जिल्ह्यांच्या खेड्यांत कामाची जागा म्हणजे ग्रामपंचायत, तलाठ्याचा सजा, आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी, जिल्हा परिषदेची शाळा, रोजगार हमीचे काम आणि वावर. या साधनांचा विचार शहरी कचेरीच्या मापाने केल्यास येथील बदल नीट दिसत नाही.

संज्ञा : ‘सहकार’ हा शब्द १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून पतपेढ्या व संस्थांच्या चळवळीला चिकटलेला असल्याने तो येथे चालत नाही. ‘सहयोग’ला देणगीची छटा आहे. शासकीय आदेशांत ‘समन्वय’ आढळतो, पण त्यात वरून खाली जुळवून घेण्याचा भाव अधिक. म्हणून ‘सहकार्य’ हा पर्याय येथे स्वीकारला आहे. रोजच्या बोलण्यात यांपैकी एकही शब्द नाही. ‘ग्रुपवर टाका’ आणि ‘ऑनलाइन करून घ्या’ एवढ्यावर काम भागते.

उगम व कालनिश्चिती : जागतिक पातळीवर अमेरिकी संगणक अभियंते डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे दिलेले प्रात्यक्षिक बहुधा आरंभबिंदू मानले जाते, त्यात दोन ठिकाणची माणसे एकाच पडद्यावरील मजकुरावर काम करताना दिसली. ‘ग्रुपवेअर’ (गटाने मिळून वापरायची संगणक प्रणाली) हा शब्द पीटर व ट्रूडी जॉन्सन-लेन्झ यांनी १९७८ च्या सुमारास रूढ केला. या विषयाला स्वतंत्र अभ्यासक्षेत्राचे रूप १९८४ मध्ये आयरीन ग्रीफ व पॉल कॅशमन यांनी दिले.

विदर्भाच्या खेड्यांत याची सुरुवात केव्हा मानावी, याबद्दल तीन मते मांडता येतात. पहिले, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे (स्थापना १९७६) उपग्रहाधारित जाळे जिल्ह्याच्या ठिकाणी पोचले तेव्हा. परंतु ते जाळे जिल्हाधिकारी कार्यालयाशी थांबत असे. त्याखाली टपाल, कोतवाल आणि दवंडी हीच साधने होती. दुसरे, २०११ मध्ये ‘संग्राम’ (संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र) प्रकल्पातून ग्रामपंचायतींत संगणक व परिचालक आले तेव्हा. यात गावाची माहिती वर जाऊ लागली, मात्र ती दाखल्यांची व हिशेबाची एकेरी वाहतूक होती. तिसरे मत सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त झालेल्या मोबाइल डेटाला आणि २०२० च्या टाळेबंदीला महत्त्व देते. सहकार्य म्हणायचे तर खालच्या टोकालाही बोलता आले पाहिजे, आणि ते फोन हाती आल्यावरच शक्य झाले. त्यामुळे तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. वर्ष नेमके सांगण्यापेक्षा २०१६ ते २०२० हा टप्पा धरणे योग्य.

सामायिक नोंद : या तंत्रज्ञानाचे सर्वांत अस्सल ग्रामीण उदाहरण ई-पीक पाहणी हे होय. १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर सुरू झाली. त्यापूर्वी गाव नमुना बारामधील (सातबाऱ्यातील ‘बारा’) पिकांची नोंद तलाठी करीत असे. आता खातेदार स्वतः वावरात उभा राहून गट क्रमांक निवडतो, पीक व क्षेत्र भरतो आणि पऱ्हाटीचे (कपाशीचे) किंवा तुरीचे छायाचित्र काढतो. फोन जागेचे अक्षांश-रेखांश त्याला जोडतो. तलाठी (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) त्याच नोंदीची पडताळणी दुसऱ्या टोकाकडून करतो. पूर्वी एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने मागायचे असलेले कागदपत्र अशा रीतीने दोघांचे झाले. पीककर्ज, नुकसानभरपाई आणि हमीभावाने कापूस-तूर विक्री या नोंदीवर अवलंबून असल्याने तिचे मोल मोठे आहे. एका फोनवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करता येतात. म्हणून स्मार्टफोन असलेला शेजारचा पोरगा हंगामात धुऱ्याधुऱ्याने फिरताना दिसतो. सर्व्हर अडकला तर तोच पोरगा रात्री उशिरा पुन्हा प्रयत्न करतो. या कामाची मजुरी कोठेच धरलेली नाही, ती धरली गेली पाहिजे.

हजेरी व देखरेख : रोजगार हमीच्या कामांवर १ जानेवारी २०२३ पासून ‘एनएमएमएस’ (नॅशनल मोबाइल मॉनिटरिंग सिस्टिम) या अॅपवरून हजेरी सक्तीची झाली. त्यात मजुरांची जागेसह छायाचित्रे दिवसातून दोनदा चढवावी लागत. मेळघाटातील धारणी-चिखलदरा भागात ग्रामरोजगार सेवक फोटो खाली नाल्यावर काढतो आणि तो चढवण्यासाठी रेंज मिळेल त्या टेकाडावर जातो. हातात फावडे घेतलेल्या बाया तोवर थांबलेल्या असतात, कारण फोटो गेला नाही तर त्यांचा दिवस बुडतो. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने याच अॅपवर असंबद्ध छायाचित्रे आणि छायाचित्राचेच छायाचित्र चढवण्याचे प्रकार निदर्शनास आणून देऊन पडताळणी कडक केली. गैरप्रकार रोखणे आवश्यकच आहे. पण रेंज नसणे आणि खोटे बोलणे यांत फरक करण्याची सोय साधनातच हवी.

अंगणवाड्यांत मार्च २०२१ पासून बालकांच्या पोषणाच्या नोंदीचे ‘पोषण ट्रॅकर’ हे अॅप आले. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी सरकारी फोन परत केले. फोन निकृष्ट आणि अॅप इंग्रजीत, ही त्यांची तक्रार होती. बाळाचे वजन करणारी बाई ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत पडदा नसेल, तर तिच्याकडून फक्त आकडे मिळतात. शाळांत केंद्रप्रमुखांच्या गटावर सकाळी मागितलेली माहिती दुपारपर्यंत द्यावी लागते. काही नसले तरी ‘निरंक’ लिहावेच लागते.

अभिलेख : संदेशगटावरील आदेश हा आदेश आहे काय, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आवक-जावक नोंदवहीत कागदाला क्रमांक मिळतो, संदेशाला मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस, ती उघडल्याची निळी खूण पाहून, पोचल्याचे मान्य केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा मजकुराला प्रमाणपत्र जोडावे लागते. राज्य शासनाने जुलै २०२५ च्या निर्णयाने कार्यालयीन समन्वयासाठी अशा गटांचा वापर करण्यास मुभा दिली.

ग्रामसभेपुढे हे तंत्रज्ञान थांबते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा येथे निर्णय सर्वसहमतीने, समोरासमोर बसून होतात. इतरत्रही सभेची सूचना गटावर फिरते. पण ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला जातो आणि त्यापुढे हजर असलेल्यांच्या सह्या व अंगठे घेतले जातात.