सातबारा फाटला, जमीन जागेवर

भाचीने जुन्या हार्ड डिस्कवर फोटो उतरवत असतानाच केबल ओढली. पुन्हा जोडल्यावर विंडोजने विचारलं, दुरुस्त करू का? तिने हो म्हटलं. दुरुस्ती यशस्वी, आणि फोटो गायब! "मामा, ही कसली दुरुस्ती?"

विंडोजचं हे दुरुस्तीचं साधन म्हणजे चेकडिस्क. ते फायली दुरुस्त करतं, हाच मुळात गैरसमज. ते दुरुस्त करतं दप्तर. फोटो ही जमीन, तर फाइल सिस्टिम म्हणजे तलाठ्याचं दप्तर.

दप्तर ठेवायच्या पद्धती अनेक; तिची डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीची. यात डिस्कचे सारखे तुकडे पाडतात, ते क्लस्टर. फाइल सलग क्लस्टरांत मावेलच असं नाही, म्हणून एक तक्ता लागतो. फोल्डरमध्ये फक्त पहिल्या क्लस्टरचा नंबर, समजा ५००. तक्त्यात ५०० समोर ५०१, ५०१ समोर ७३०, आणि ७३० समोर 'संपलं' ही खूण. म्हणजे एका फोटोसाठी तीन जागी लिहायचं: मजकूर क्लस्टरांत, साखळी तक्त्यात, नाव आणि आकार फोल्डरमध्ये. मधेच केबल निघाली की साखळी तयार, पण मालकाचं नाव नाही. दोन साखळ्या ७३० वरच येऊन मिळाल्या, तर एकच गट दोघांच्या सातबाऱ्यावर! बेवारस साखळ्या चेकडिस्क 'फाउंड.०००' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात नेऊन टाकतं.

विंडोजची एनटीएफएस (१९९३) आणि लिनक्सची ईएक्सटी३ (२००१) या पुढच्या पद्धतींनी यावर चक्क फेरफार नोंदवही ठेवली: जर्नल. बदल आधी तिथे लिहायचा, मगच मूळ दप्तराला हात लावायचा. वीज गेली, तर पुढच्या वेळी नोंदवही वाचून पुऱ्या झालेल्या नोंदी अमलात आणायच्या, अर्धवट रद्द करायच्या. मात्र एनटीएफएस अशी नोंद दप्तरातल्या बदलांचीच ठेवतं, फोटोतल्या मजकुराची नाही. त्यामुळे दप्तर चोख आणि फाइल अर्धी, हे तिथेही घडतं.

डिस्क वाचताना अडखळत असेल तर मात्र चेकडिस्क नकोच. आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने जमेल तेवढी नक्कल काढावी. बिघडलेली डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजूनही फिरतो, तो ऐकू नये. बाहेर काढल्यावर थंड तबकडीवर दव धरतं, आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. खंडेनवमीला हळदकुंकू वाहायला हरकत नाही, पण बाहेरून.

भाचीच्या 'फाउंड' फोल्डरातल्या फायलींचं शेपूट बदलून '.जेपीजी' केलं. बरेचसे फोटो उघडले. केबल ओढली तेव्हा उतरत असलेला फोटो वरून आजीचा, खालून नुसता राखाडी.