पाण्याची घंटा वाजवण्याआधी

२० किलो वजनाच्या पोराच्या अंगातलं ४०० मिलिलिटर पाणी कमी झालं, म्हणजे जेमतेम दोन पेले, की त्याच्या वजनाच्या २ टक्के पाणी गेलं. एवढ्यानंही डोकं जड होतं, डोळ्यांवर झापड येते, वजाबाकीत हातचा घ्यायचा राहून जातो. विदर्भात मार्च लागला की हे दोन पेले टिनाच्या छताखाली बसल्या बसल्या निघून जातात. आपल्याकडचं ऊन कोरडं. घाम आला की लगेच उडतो, सदरा ओला होत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी चाललंय हे ना पोराला कळतं ना गुरुजींना.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हणूनच विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात आणि उन्हाळा लागला की सकाळच्या होतात. पण घरी परतायची वेळ उन्हाचीच असते. लहान मुलांना हे ऊन मोठ्यांपेक्षा लवकर बाधतं. वजनाच्या मानाने त्यांच्या कातडीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून बाहेरची उष्णता अंगात जास्त शिरते. अंग थंड करणारा घाम मात्र त्यांना कमी येतो. त्यात खेळात रमलेलं पोर तहान विसरतं. तहान जाणवेपर्यंत अंगात तूट पडलेली असते, त्यामुळे ‘तहान लागली की पितील’ या भरवशावर राहता येत नाही.

केरळमधल्या शाळांनी २०१९ मध्ये यासाठी पाण्याची घंटा सुरू केली. ठरलेल्या वेळी घंटा होते आणि सगळा वर्ग पाणी पितो. प्राथमिक शाळेतल्या लहान मुलाला दिवसभरात साधारण सव्वा लिटर पाणी प्यावं लागतं, चौथी-पाचवीतल्या मुलाला दीड लिटरच्या पुढे, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. शाळेच्या वेळेत चार घंटा आणि दर घंटेला एक पेला धरला तर पाऊण लिटरच्या आसपास पाणी पोटात जातं. शेवटची घंटा सुटीच्या दहा मिनिटं आधी हवी, कारण पुढची वाट उन्हातली असते.

घंटा वाजवायला काही लागत नाही. पण मुलं कोणतं पाणी पिणार आणि ते पिऊन लघवीला कुठे जाणार, हे आधी पाहावं लागतं.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर भारतीय मानकानुसार १.५ पर्यंत. त्यापुढचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दात सांगतात. नव्या पक्क्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, पुढे ते तपकिरी होतात. दाताचं वरचं कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आत तयार होत असतं, आणि फ्लोराइड तेव्हाच त्यात बिघाड करतं. म्हणून हा डाग घासून निघत नाही. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि फ्लोराइडचं प्रमाण उलट वाढतं. तुरटीने पाणी नितळ दिसतं, म्हणून ते सुरक्षित झालं असं समजू नये. अशा गावात तपासणी न करता पाण्याची घंटा सुरू केली तर आपण मुलांना जास्त फ्लोराइड पाजू. शाळेच्या हापशीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून आकडा कागदावर घ्यावा. तो जास्त आला तर ती हापशी धुण्या-सारवण्याला ठेवावी आणि पिण्याला नळयोजनेचं किंवा दुसऱ्या तपासलेल्या विहिरीचं पाणी आणावं. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात अडचण वेगळी आहे. तिथलं पाणी खारट, पोरं घोटभर पिऊन पेला खाली ठेवतात. तिथेही उपाय स्रोत बदलण्याचाच आहे.

जंतूंचा बंदोबस्त त्यामानाने सोपा, तरी नेमका तिथेच घोळ होतो. टाकीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर, अंदाजाने टाकली जाते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो आणि स्वच्छ पाण्याच्या १००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा अर्धा चमचा सपाट भरून, पुरते. पण ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेल्या पोत्यातली पावडर ओलीने गोळे धरते आणि तिच्यातला क्लोरीन उडून जातो. मग माप बरोबर असूनही जंतू मरत नाहीत. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तोही अंधाऱ्या कोरड्या जागी, एवढं सांभाळलं तर पावडर टिकते.

पावडर थेट टाकीत ओतू नये. प्लास्टिकच्या मगात पाण्यात कालवून दहा मिनिटं ठेवावी. खाली चुना बसतो. वरचं नितळ पाणी टाकीत टाकावं, गाळ फेकावा. अर्धा तास टाकीची तोटी उघडू नये, कारण क्लोरीनला जंतू मारायला तेवढा वेळ लागतो. मग पिण्याच्या तोटीचं पाणी घेऊन ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून दाखवणारी चाचणी, करावी. नळीत थेंब टाकताच फिका पिवळा रंग आला आणि तो पट्टीवरच्या ०.२ मिलिग्रॅमच्या खुणेइतका किंवा थोडा गडद असला, तर पाणी ठीक. रंग लगेच वाचावा. नळी तशीच ठेवली तर तो गडद होत जातो आणि फसवतो. रंग आलाच नाही तर पावडर जुनी आहे किंवा पाणी गढूळ आहे. गढूळ पाण्यात सगळा क्लोरीन मळाशी झुंजण्यातच संपतो, म्हणून पावसाळ्यात आधी पाणी निवळू द्यावं.

एवढं करून पाणी माठात भरलं आणि माठात पेला बुडवला, की केलेलं वाया. तिसरीतली एखादी मुलगी पाणी काढते तेव्हा तिच्या हाताकडे बघा. माठ अर्ध्यावर आला की पेल्यासोबत तिची चारही बोटं मनगटापर्यंत पाण्यात जातात. त्या बोटांना मैदानाची माती असते आणि कधी कधी त्याहून वाईट काही. तोटीचा माठ घ्यावा, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं झाकणाजवळ टांगावं. माठ पाणी झिरपवून, ते बाहेर उडवून गार करतो. बाहेरून शेवाळ धरलं की छिद्रं बुजतात आणि पाणी गार होत नाही. तो रोज रिकामा करावा, काथ्याने घासावा, साबण लावू नये.

आता लघवीचं. शाळेत पाणी न पिणाऱ्या मुली पाहिल्या की त्यांना तहान कमी लागते असं वाटतं. खरं कारण बहुतेक वेळा शौचालयाच्या दारात सापडतं: कडी नाही, आत बादलीत पाणी नाही, किंवा दाराला कुलूप आणि चावी ऑफिसात. मुलगी सकाळी घरून निघते ती घरी परतेपर्यंत लघवी धरते, आणि धरता यावी म्हणून पाणी पीत नाही. यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते, पोटात दुखतं, आणि त्या पोटदुखीची नोंद ‘गैरहजर’ एवढीच होते. २५ मुलींमागे एक शौचालय असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण आकड्याआधी कडी बघावी. बिजागरीचे चार स्क्रू आणि आतून लागणारी कडी यांचा खर्च फार नाही. पाण्याचा हिशेबही याच बैठकीत करावा. पिणं आणि हात धुणं मिळून दर मुलामागे रोज ५ लिटर धरतात. ६० पटाच्या शाळेला ३०० लिटर. शौचालयाचं पाणी वेगळं, आणि उन्हाळ्यात टँकर मागताना तेही मोजून मागावं.

हे सगळं ज्या मुलांसाठी फार मोलाचं आहे ती मुलं विदर्भात जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत. सिकलसेलची मुलं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, अमरावती या भागांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. यात रक्तातल्या हिमोग्लोबिनची घडण किंचित बदललेली असते. प्राणवायू कमी पडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्यासारखं लांबतं आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही आणि हात, पाय, पाठ, पोट असह्य दुखतं. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत मोडते. म्हणून अंगात रक्त कायम कमी.

इथे पाण्याचा संबंध सरळ आहे. अंगातलं पाणी घटलं की पेशीतलंही घटतं, आतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि पेशी लवकर विळा धरते. त्यात या मुलांच्या मूत्रपिंडाला पाणी राखून लघवी घट्ट करता येत नाही. त्यांना लघवी जास्त होते, पाणी जास्त जातं, म्हणून प्यावंही जास्त लागतं. वर्गातला मुलगा तासाला दोनदा एक बोट वर करत असेल तर त्याला अडवू नका. त्याची पाण्याची बाटली बाकावरच राहू द्या. उन्हात कवायत, शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या, पावसात भिजल्यावर ओल्या कपड्यांत बसणं, हिवाळ्यात स्वेटरशिवाय प्रार्थनेला उभं राहणं, या सगळ्यांनी कळ उठू शकते. ताप, धाप, छातीत दुखणं, पोट डावीकडे फुगून घट्ट होणं, एकाएकी हात-पाय लुळा पडणं किंवा बोलणं अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर घरच्यांची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. दवाखान्यात सिकलसेल आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावं.

वाहक मूल वेगळं. त्याच्यात एकच बदललेलं जनुक असतं आणि ते सहसा आजारी नसतं. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. शाळेत कोणाला आजार आहे हे शिक्षकांना माहीत हवंच, पण ते वर्गात जाहीर करायचं नसतं. गावात ती गोष्ट मुलीच्या लग्नापर्यंत पाठ सोडत नाही.

पाणी आलं, शौचालय उघडलं, की हात धुणं शक्य होतं. खिचडीआधी घमेल्यात पाणी भरून सगळ्यांनी त्यात हात बुडवणं म्हणजे एकाची घाण साठांना वाटणं. पाणी वाहतं हवं. दहा फूट प्लास्टिकचा पाइप, फुटाफुटावर खिळा तापवून पाडलेलं भोक, एका टोकाला बूच, दुसरं टाकीला. एका वेळी दहा मुलं, प्रत्येकी २० सेकंद साबण. अंगठा आणि नखांच्या कडा राहून जातात, तिथे लक्ष द्यावं. वडी उघड्यावर ठेवली तर कावळे पळवतात, म्हणून ती डब्यात ठेवून जेवणाआधी काढावी. मातीने हात धुऊ नयेत, कारण जंतांची अंडी मातीतच पिकतात. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. आकडेकृमीला तर तोंडाची वाटही लागत नाही. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी तळव्यात शिरते आणि आतड्यात बसून रक्त पिते. वर्गाबाहेर चपला काढून तसंच शौचालयाला जाणारी मुलं म्हणून चिंतेची. शौचालयाच्या दाराशी दोन जोड स्लिपर कायमच्या ठेवाव्यात.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल गोळी शिक्षकांसमोर चावून खायला लावावी. पहिलीतल्यांना चुरून द्यावी, अख्खी गिळताना घशात अडकू शकते. आजारी मुलाला त्या दिवशी देऊ नये.

दर आठवड्याच्या गुलाबी लोहगोळीत ४५ मिलिग्रॅम लोह असतं. ती खिचडीनंतर द्यावी. उपाशीपोटी दिली की मळमळ होते, एक पोर ओकतं आणि पुढच्या आठवड्यात अर्धा वर्ग तोंड मिटून बसतो. शौच काळसर होईल हे आधीच सांगून टाकावं, म्हणजे घरचे घाबरत नाहीत. बरीच पोरं सकाळी चहा-पोळी खाऊन येतात. जेवणासोबतचा चहा लोह शोषू देत नाही, लिंबाची फोड शोषायला मदत करते. सिकलसेलच्या मुलाला लोहगोळी डॉक्टरांना विचारूनच द्यावी, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं.

खिचडीचं माप पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. भाजीच्या जागी दोन टमाटे पडतात तिथे परसबागेतला शेवगा आणि आंबाडी कामाला येते.

एखादं पोर उन्हात कोसळलं, अंग भाजत असेल आणि बोलणं असंबद्ध असेल तर तो उष्माघात समजावा. सावलीत आडवं करून अंगभर पाणी ओतत वारा घालावा, थंड करणं थांबवू नये, १०८ बोलवावं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. नुसताच थकवा असेल, पोर शुद्धीवर असेल, तर ओआरएस. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. पेल्यात अर्धं पाकीट कालवलं तर द्रावण इतकं दाट होतं की आतड्यातच पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. केलेलं द्रावण २४ तासांनी फेकावं.

जूनच्या अखेरीस कुलूप उघडतं तेव्हा टाकीत दोन महिन्यांचं साचलेलं पाणी असतं आणि बऱ्याचदा मेलेली पाल. ते सगळं सोडावं, तळाचा गाळ हाताने काढावा, आतली भिंत टीसीएलच्या पाण्याने घासावी, दोनदा विसळावी, पाइपातलं पाणीही वाहू द्यावं. मग भरावं, मापाने पावडर टाकावी, अर्ध्या तासाने ओटी बघावी. मुलं दुसऱ्या दिवशी यायची असतात.