ब्रुट आयपीए एवढी ड्राय झाली कशी

२०१७ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या सोशल किचन अँड ब्रुअरीत ब्रुअर किम स्टर्डव्हंटने एक आयपीए (इंडिया पेल एल, हॉप्सच्या फुलांनी कडू आणि सुगंधी केलेली बिअर) काढली, फिकट, एकदम क्लिअर, फसफसती आणि साखर जवळपास शून्य. तेव्हा अमेरिकेत हेझी आयपीएची चलती होती, म्हणजे गढूळ, ज्यूससारखी, तोंडात भरणारी, आणि ही बरोब्बर तिच्या उलट. नाव पडलं ब्रुट शॅम्पेनवरून, जिच्यात लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर असते.

पण या ड्रायपणाचं, म्हणजे गोडवा न उरण्याचं, मूळ आहे कमी कॅलरीच्या लाइट बिअरमध्ये. माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या) स्टार्चची साखर होते, ती यीस्ट खातं, पण डेक्स्ट्रिनचे, म्हणजे अर्धवट तुटलेल्या स्टार्चचे, मोठे तुकडे त्याला पचत नाहीत, ते तसेच राहतात आणि बिअरला बॉडी येते. अमायलोग्लुकोसिडेज हे एन्झाइम त्या तुकड्यांचंसुद्धा ग्लुकोज करून टाकतं, मग यीस्ट सगळंच फस्त करतं. १९६७ मध्ये राइनगोल्ड या अमेरिकन ब्रुअरीने गॅब्लिंगर्स डाएट बिअर आणली त्यामागे बायोकेमिस्ट जोसेफ ओवेड्सचं हेच काम होतं. ती आपटली, पण १९७५ मध्ये मिलर लाइट देशभर आली आणि लाइट बिअरने मार्केट खाल्लं. स्टर्डव्हंट हे एन्झाइम आधी ट्रिपल आयपीएचा (जास्त अल्कोहोलवाल्या तगड्या आयपीएचा) जडपणा कमी करायला वापरायचा, मग त्याने ते साध्या आयपीएत टाकून बघितलं, आणि मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं, कारण क्राफ्टवाले, म्हणजे छोट्या स्वतंत्र ब्रुअरीवाले, ज्या पाणचट बिअरला नावं ठेवत मोठे झाले तिचीच ट्रिक इथे कामाला आली.

चवीत काय होतं, तर घोट घेतला की आधी बुडबुडे टोचतात, मग नेल्सन सॉव्हिनसारखे हॉप्स असतील तर पांढऱ्या द्राक्षांचा वास, आणि गिळल्यावर जिभेवर गोड काहीच उरत नाही. साधी आयपीए आंबून झाल्यावर साधारण १.०१० ग्रॅव्हिटीच्या (पाण्याच्या तुलनेतल्या घनतेच्या, पाणी म्हणजे १.०००) आसपास थांबते, ही पार १.००० च्या खालीसुद्धा जाते, म्हणजे पाण्याहून हलकी, अल्कोहोलमुळे. पण गोडवा नाही म्हणजे कडूपणा झाकायलाही काही नाही, म्हणून उकळताना हॉप्स अगदी कमी, बाकी सगळे शेवटी आणि ड्राय हॉपिंगला, म्हणजे उकळणं झाल्यावर थंड बिअरमध्ये. ज्यांनी नेहमीच्या आयपीएएवढा कडूपणा ठेवला त्यांची बिअर घसा खरवडायची, आणि २०१८ मध्ये सगळ्यांनी एकदम उडी मारल्यामुळे अशा बऱ्याच निघाल्या. एक-दोन वर्षांत लाट ओसरली. बिअर स्पर्धांच्या परीक्षकांची संस्था बीजेसीपी, तिच्या २०२१ च्या गाइडलाइन्समध्ये मात्र ब्रुट आयपीए आली, कडूपणा फक्त २० ते ३० आयबीयू (कडूपणा मोजायचं एकक).