बेल अँड सेबॅस्टियन : आजारपण, बेरोजगारांची स्कीम आणि कॉलेजचा एक कोर्स

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या बेल अँड सेबॅस्टियनबद्दल कुठेही वाचा, लाजाळू पोरांचा बँड, हळुवार गाणी, पुस्तकं वाचणाऱ्यांचा पॉप असंच सगळं येतं. चूक नाहीये ते, पण हे आलं कुठून हे त्यात राहूनच जातं आणि मला तर तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण या बँडच्या मुळाशी एक लांबलेलं आजारपण आहे, बेरोजगारांसाठीची एक स्कीम आहे आणि एका कॉलेजचा कोर्स आहे. यातलं एक जरी नसतं तरी हा बँड झाला असता असं मला वाटत नाही.

थोडं आधीचं बघू. १९७९ साली अॅलन हॉर्न नावाच्या पोराने ग्लासगोत स्वतःच्या फ्लॅटमधून पोस्टकार्ड रेकॉर्ड्स नावाचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी छोटी कंपनी, काढलं. ऑरेंज ज्यूस, जोसेफ के, अॅझ्टेक कॅमेरा हे बँड तिथून आले. लेबल जेमतेम दोनेक वर्षं चाललं पण रेकॉर्ड काढायला लंडनला जाऊन कोणाचे उंबरे झिजवायची गरज नाही हे त्या शहराला कळलं ते कळलंच. नंतर पेस्टल्स, टीनेज फॅनक्लब वगैरे बँडनी ते चालू ठेवलं.

आता स्टुअर्ट मर्डॉक, बेल अँड सेबॅस्टियनचा गायक आणि गाणी लिहिणारा. आयर भागात वाढलेला, ग्लासगो युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला आणि ऐंशीच्या दशकाच्या शेवटी एमई (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) या आजाराने आडवा झालेला. हा आजार म्हणजे नुसता थकवा नाही, माणूस जिना चढला तरी दोन दिवस अंथरुणात पडून राहतो, आणि तेव्हा तर अनेक डॉक्टर त्याला आजार मानायलाच तयार नसायचे. साधारण सात वर्षं त्याची यात गेली, काम नाही, कॉलेज सुटलं, परत आईवडिलांकडे राहायला जावं लागलं. पण याच काळात तो पियानोपाशी बसून गाणी लिहायला लागला. बसमधून दिसणारी माणसं, शाळेतली एकटी पडलेली मुलं, चर्चमध्ये येणारी मंडळी, हे सगळं त्याच्या गाण्यात जे इतकं बारकाईने येतं ते खिडकीतून बघत बसायची वेळ आलेल्या माणसाचं बघणं आहे. आवाज हळू आहे तो स्टाईल म्हणून नाही, तेवढीच ताकद होती अंगात. पुढे बरीच वर्षं तो एका चर्चच्या हॉलच्या वरच्या मजल्यावर राहायचा आणि त्या हॉलची देखभाल करायचा, बँडची काही रेकॉर्डिंगही तिथेच झाली.

तब्येत जरा सुधारल्यावर तो ग्लासगोत बीटबॉक्स नावाच्या कोर्सला गेला. हा बेरोजगार संगीतकारांसाठीचा सरकारी ट्रेनिंगचा प्रकार होता. तिथे त्याला स्टुअर्ट डेव्हिड भेटला, बेस वाजवणारा. दोघांनी डेमो केले. त्यांच्या ओळखीतला रिचर्ड कोलबर्न नावाचा ड्रमर तेव्हा स्टो कॉलेजात म्युझिक बिझनेसचा कोर्स करत होता, आणि या कोर्सची गंमत म्हणजे विद्यार्थी इलेक्ट्रिक हनी नावाचं खरंखुरं लेबल चालवायचे आणि दरवर्षी एका बँडचा एक सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची रेकॉर्ड, काढायचे. कोर्स शिकवायला होते अॅलन रँकिन, म्हणजे असोसिएट्स या बँडमधले, स्वतः चार्टवर जाऊन आलेले. डेमो ऐकल्यावर सिंगलपुरती नाही तर अख्ख्या अल्बमची गाणी आहेत हे लक्षात आलं आणि कॉलेजने पूर्ण अल्बम काढायचं ठरवलं.

तो ‘टायगरमिल्क’. गिटारला स्टीव्ही जॅक्सन, कीबोर्डला ख्रिस गेडिस, चेलोला इझोबेल कॅम्पबेल अशी माणसं गोळा झाली, तीन दिवसांत रेकॉर्डिंग उरकलं, आणि जून १९९६ मध्ये फक्त १००० एलपी निघाल्या. बँडचं नाव घेतलं एका फ्रेंच बालकथेतल्या मुलाचं आणि त्याच्या कुत्र्याचं. पुढे याच एलपीसाठी लोक शेकडो पौंड मोजायला लागले, १९९९ ला परत काढेपर्यंत बहुतेकांनी ती कॅसेटवर उतरवून उतरवूनच ऐकली.

त्याच वर्षी लंडनच्या जीपस्टर या नव्या छोट्या लेबलशी करार झाला आणि नोव्हेंबरात ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’ आला, माझ्या मते आजही त्यांचा सगळ्यात भारी अल्बम. करारातही यांचं आपलंच चाललं, अल्बममधून सिंगल काढायचे नाहीत, मुलाखती जवळपास नाहीत, फोटो मागितले तर मित्रमैत्रिणींचे पाठवायचे. १९९७ मध्ये तीन ईपी, म्हणजे चारेक गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड, काढल्या त्यातली जवळपास सगळीच गाणी कुठल्याच अल्बमवर नव्हती. लोकांना हा नखरा वाटायचा पण माझं म्हणणं आहे की आजारी माणसाला झेपेल एवढंच काम ठेवायची ती एक पद्धत पण होती.

मग फेब्रुवारी १९९९. ब्रिट अवॉर्ड्स या ब्रिटनच्या संगीत पुरस्कारांमध्ये नवोदितांचं बक्षीस बीबीसी रेडिओ वनच्या श्रोत्यांच्या मतांवर होतं आणि सगळेच धरून चालले होते की ते स्टेप्स या पॉप ग्रुपला जाणार. मिळालं बेल अँड सेबॅस्टियनला. अख्खा बँड काही गेला नव्हता, कोलबर्न आणि ट्रम्पेटवाला मिक कुक असे दोघंच घ्यायला. स्टेप्सच्या बाजूने आरडाओरडा झाला, विद्यार्थ्यांनी इंटरनेटवरून ढिगाने मतं टाकली म्हणून आरोप झाले, पण निकाल बदलला नाही. इंटरनेट तेव्हा अगदी नवीन होतं आणि ज्या बँडने प्रसिद्धी टाळली त्यालाच तिथे एकमेकांना शोधून काढणारे चाहते मिळाले, याचं मला अजून नवल वाटतं. त्याच एप्रिलमध्ये त्यांनी कॅम्बर सँड्सच्या हॉलिडे कॅम्पमध्ये बोली वीकेंडर नावाचा संगीत फेस्टिव्हल भरवला, ऑल टुमॉरोज पार्टीज हा फेस्टिव्हल पुढे त्यातूनच निघाला.

२००० नंतर जरा ओढाताण झाली. स्टुअर्ट डेव्हिड सोडून गेला, २००२ मध्ये इझोबेल गेली. जीपस्टर सुटलं, रफ ट्रेड हे इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र लेबलांच्या, जगातलं जुनं लेबल जोडलं गेलं आणि २००३ चा ‘डिअर कॅटॅस्ट्रोफी वेट्रेस’ चक्क ट्रेव्हर हॉर्नने प्रोड्यूस केला, ज्याची ओळखच ऐंशीच्या दशकातल्या चकचकीत पॉपची. जुने चाहते घाबरले होते. पण अल्बम मर्क्युरी प्राइझ या वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमच्या ब्रिटिश पुरस्काराच्या यादीत गेला, आणि २००६ चा ‘द लाइफ पर्स्यूट’ ब्रिटनमध्ये ८ व्या नंबरवर. त्याच उन्हाळ्यात हे लोक हॉलिवुड बोल या खुल्या रंगमंचावर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकसोबत वाजले, एकेकाळी जिना चढताना दमणारा माणूस तिथे नाचत होता.

आजाराबद्दल थेट गाणं मात्र त्याने २०१५ च्या अल्बममध्ये लिहिलं, ‘नोबडीज एम्पायर’, आणि २०२४ मध्ये त्याच नावाची कादंबरी. २०२२ चा अल्बम कोविडमुळे अमेरिकेत करता आला नाही म्हणून घरीच, ग्लासगोत केला, आणि त्याच रेकॉर्डिंगमधून उरलेल्या गाण्यांचा ‘लेट डेव्हलपर्स’ जानेवारी २०२३ ला आला.

इलेक्ट्रिक हनीवरून नंतर स्नो पॅट्रोल आणि बिफी क्लायरोच्या पण सुरुवातीच्या रेकॉर्ड निघाल्या. स्टो कॉलेज २०१३ मध्ये दुसऱ्या कॉलेजांत विलीन झालं. आणि ‘लेट डेव्हलपर्स’ आला त्याच जानेवारीच्या सुरुवातीला अॅलन रँकिन गेले.