कॅनडातील शालेय कायदा व मानवाधिकार शिक्षण

कॅनडातील माध्यमिक शाळांच्या वरच्या इयत्तांत कायदा, संविधान आणि मानवी हक्क यांचे दिले जाणारे शिक्षण. १८६७च्या संविधान कायद्याच्या ९३व्या कलमाने शिक्षण हा विषय प्रांतांकडे दिला. तेथे केंद्रीय शिक्षण मंत्रालयच नसल्याने देशभर एक अभ्यासक्रम नाही. ओंटारिओत दहावीला नागरिकशास्त्र सक्तीचे आहे, पण त्याला अर्धेच श्रेयांक. अकरावी-बारावीतला कायदा हा विषय ऐच्छिक आहे. ब्रिटिश कोलंबियातही बारावीचा कायदा ऐच्छिकच.

या शिक्षणाचा कणा म्हणजे १७ एप्रिल १९८२ रोजी अमलात आलेली हक्क व स्वातंत्र्यांची सनद. कलमे पाठ करून घेणे सोपे असते. शिक्षकाचा कस लागतो तो पहिल्याच कलमाशी, कारण मुक्त लोकशाही समाजात समर्थनीय ठरतील अशा वाजवी मर्यादा हक्कांवर घालता येतात, असे ते सांगते. मर्यादा वाजवी आहे हे सरकारनेच सिद्ध करायचे असते. त्यासाठीची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८६च्या ओक्स खटल्यात घालून दिली: उद्दिष्ट तितके महत्त्वाचे आहे का, उपाय त्याच्याशी सुसंगत आहे का, हक्काला शक्य तितका कमी धक्का लागतो का, आणि साधलेल्या हिताच्या मानाने हानी जास्त तर होत नाही ना.

ही कसोटी मुलांना उमगते ती त्यांच्याच वयाच्या मुलांच्या खटल्यांतून. क्वेबेकमधील एका शीख विद्यार्थ्याची कृपाण २००१मध्ये शाळेच्या आवारात खाली पडली आणि ती बाळगायला बंदी झाली. सरसकट बंदी धर्मस्वातंत्र्याला बाधक ठरते, असा निकाल २००६च्या मुल्तानी खटल्यात लागला. ओंटारिओतील सार्निया येथे पोलिसांनी शाळेत श्वान आणून दप्तरे हुंगवली. एका दप्तरात अमली पदार्थ सापडले, तरीही २००८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुरावा ग्राह्य धरला नाही. वर्गात या निकालावर दोन तट पडतात, आणि पडावेतच.

मुलांचा हमखास गोंधळ होतो तो एका बाबतीत. सनद सरकारला बांधते; घरमालक, दुकानदार किंवा खासगी मालक यांना लागू होतात ते मानवाधिकार कायदे. ओंटारिओची अशी संहिता १९६२ची आहे. त्याआधी काय होत असे, हे व्हायोला डेसमंड यांच्या प्रकरणातून दिसते. नोव्हा स्कॉशियातील चित्रपटगृहात १९४६ साली गोऱ्यांच्या जागेवर बसलेल्या या कृष्णवर्णीय उद्योजिकेला शिक्षा झाली ती तिकिटावरच्या करातील एका सेंटच्या फरकापोटी. न्यायालयात वर्णाचा उल्लेखही नव्हता. मरणोत्तर माफी २०१०मध्ये मिळाली.

कायद्यानेच केलेला अन्याय टाळून हा विषय शिकवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा इतिहास सर्व इयत्तांत सक्तीने शिकवावा, असे या शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५च्या ९४ आवाहनांत सांगितले. १९१४मध्ये व्हँकूव्हरहून परत पाठवलेले कोमागाता मारू जहाजही याच इतिहासातले. त्यावरचे ३७६ प्रवासी बहुतांशी पंजाबी होते.

मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल असा प्रश्न अलीकडे या शाळांपुढे आला आहे. जातिभेदाची दखल घेण्याचा ठराव टोरोंटोच्या शाळा मंडळाने २०२३मध्ये संमत केला. ओंटारिओच्या संहितेत ‘जात’ हा शब्द नाही. तरी वंश, कुळ, पंथ या आधारांखाली जातीय भेदभाव निषिद्धच ठरतो, अशी भूमिका प्रांताच्या मानवाधिकार आयोगाने त्याच वर्षी जाहीर केली.